प्रकल्प नोंदी: एक इंटरनेट जोडणी, दोन घरं, मधे ३८ मीटर हवा

४ मे : पाहणी

समोरासमोरच्या भिंतींमधलं अंतर फितीने मोजलं, ३८ मीटर भरलं. मधे रस्ता आहे आणि ब घराच्या बाजूला एक झाड. अ घरात फायबरची जोडणी आहे, २०० मेगाबिट, दोन्ही दिशांना सारखीच. ब घरात काहीच नाही.

हत्यारं काढण्याआधी सेवा-करार वाचला. घरगुती जोडणी दुसऱ्या घराला देण्यावर बऱ्याच करारांमध्ये बंदी असते, काहींमध्ये परवानगी घेऊन देता येते. इथे जोडणी देणाऱ्या कंपनीचा लेखी होकार आला, मगच पुढचं ठरवलं. दुसरी गोष्ट अशी की बाहेरच्या जगाला दोन्ही घरं एकाच पत्त्यावरून आलेली दिसणार. ब घरातून काही उपद्व्याप झाला तरी विचारणा अ घराकडेच येईल. हे दोन्हीकडच्यांना आधी सांगितलं.

कामाच्या अटी तीनच ठेवल्या. एका घराला दुसऱ्या घरातली उपकरणं दिसता कामा नयेत. दोन्ही घरं एकाच वेळी भरपूर वापर करत असतील तर वेग निम्मा-निम्मा, आणि एक घर शांत असेल तर दुसऱ्याला सगळा. शिवाय वायफायचा पासवर्ड बदलताना कुणाला शेजाऱ्याला विचारावं लागू नये. ३८ मीटर हवा पार करणं हा या कामाचा सोपा भाग आहे. नंतर कटकटी निघतात त्या या तीन अटींवरून.

५ मे : आहे त्या वायफायची मोजणी

अ घरातल्या राउटरचा २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल ब घराच्या जवळच्या खोलीत उणे ८४ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं बरं). मोबाइलवर एक रेघ दिसते, पान मात्र उघडत नाही. हिशेब जुळतो: ३८ मीटर मोकळ्या हवेत या पट्ट्यात सुमारे ७२ डीबी घट होते, म्हणजे २० डीबीएमने निघालेला सिग्नल भिंती नसत्या तर उणे ५२ वर पोचला असता. उरलेले ३२ डीबी तीन भिंतींनी खाल्ले.

इथे पहिला विचार येतो तो मोठ्या अँटेनाच्या राउटरचा. राउटर कितीही ओरडला तरी मोबाइलला त्याच भिंतींमधून उत्तर द्यायचं असतं, आणि मोबाइलचा आवाज मुळातच बारीक. रेघा वाढतात, वेग तिथेच राहतो. रिपीटरचीही तीच गत: एकच रेडिओ ऐकणार आणि तोच पुन्हा बोलणार, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो, शिवाय तो खिडकीत ठेवला तर जेमतेम ऐकू येणारा सिग्नलच पुढे देतो. भिंतीच्या आतून सिग्नल ढकलण्याचा नाद सोडून भिंतीबाहेर जायचं ठरलं.

९ मे : तार, फायबर की रेडिओ

इथरनेटची मर्यादा १०० मीटर, त्यामुळे ३८ मीटरला तांब्याची केबल अंतराच्या हिशेबाने सहज चालेल. तरी ती बाद. दोन घरांची अर्थिंग वेगळी असते, त्यांच्यातला विद्युतदाबाचा फरक केबलमधून वाट काढतो. जवळपास वीज पडली तर हा फरक क्षणभर प्रचंड वाढतो आणि दोन्ही टोकांची यंत्रं एकदमच जातात. दोन इमारतींना तांब्याने जोडू नये, ही या कामातली जुनी शिस्त आहे.

खरं उत्तम उत्तर फायबर. वीज वाहत नाही, पावसाशी देणंघेणं नाही, आणि एकदा टाकली की पुढच्या वेगांनाही पुरते. दोन्ही टोकांना एकेक मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि इथरनेट यांना जोडणारा डबा) लावला की झालं. ज्यांना दोन घरांमधे चर खणून पाइप टाकता येतो त्यांनी पुढच्या नोंदी वाचण्यापेक्षा कुदळ उचलावी. इथे मधे रस्ता आहे, तो खोदता येणार नाही. म्हणून रेडिओ, म्हणजे दोन्ही घरांच्या भिंतींवर समोरासमोर लावलेली बिनतारी यंत्रं.

११ मे : हिशेब आणि सामान

पट्टा ५ गिगाहर्ट्झचा. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि ते आसपासच्या राउटरांनी आधीच भरलेले. ५ गिगाहर्ट्झमध्ये ३८ मीटरला घट सुमारे ७९ डीबी, म्हणजे ७ डीबी जास्त. पण दिशा असलेल्या अँटेना ती सहज भरून काढतात.

दोन्ही टोकांना १३ डीबीआय (अँटेना सिग्नल एका दिशेला किती एकवटते त्याचं माप) अँटेनाचे बाहेर लावायचे रेडिओ धरले:

६ (रेडिओची शक्ती, डीबीएम) + १३ − ७९ + १३ = उणे ४७ डीबीएम

उणे ४५ ते उणे ५५ हा पट्टा उत्तम. गंमत अशी की हेच रेडिओ कित्येक किलोमीटरसाठी बनवलेले असतात आणि खोक्यातून निघतात तेव्हा पूर्ण २४ डीबीएमवर असतात. त्या शक्तीला इथे उणे २९ येईल, आणि कानाशी भोंगा धरल्यासारखा समोरचा रेडिओ गांगरेल: सिग्नल भरपूर, चुका भरपूर, वेग कमी. जवळच्या दुव्यात शक्ती *कमी* करावी लागते, हे नेमकं विसरलं जातं.

नुसती नजर आरपार गेली म्हणून भागत नाही. दोन अँटेनांमधल्या सरळ रेषेभोवती एक फुगीर, वांग्यासारखा भाग मोकळा लागतो, त्याला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. मीटरमधली मधली त्रिज्या म्हणजे ८.६६ गुणिले (किलोमीटरमधलं अंतर भागिले गिगाहर्ट्झ) याचं वर्गमूळ. इथे ती ७२ सेंटिमीटर येते. त्यातला किमान ६० टक्के भाग, म्हणजे रेषेच्या सगळ्या बाजूंनी ४३ सेंटिमीटर, मोकळा हवा. झाड आहे, हे लक्षात ठेवायचं.

सामान:

– ५ गिगाहर्ट्झचे ८०२.११एसी रेडिओ २, गिगाबिट पोर्ट असलेले. स्वस्त रेडिओंवर १०० मेगाबिटचा पोर्ट असतो. हवेत कितीही वेग असला तरी त्या पोर्टातून ९४ च्या वर काही निघत नाही.
– रेडिओसोबत आलेले २४ व्होल्टचे गिगाबिट पीओई (इथरनेट केबलमधूनच वीज देणारे) अडॅप्टर २.
– बाहेर वापरायची काळ्या आवरणाची, शिल्ड असलेली कॅट-५ई केबल: अ कडे २२ मीटर, ब कडे १४ मीटर, वर ५ मीटर जादा.
– इथरनेट सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका अडवणारे) ४, म्हणजे प्रत्येक बाहेरच्या केबलच्या दोन्ही टोकांना एकेक.
– शिल्डवाले आरजे-४५ कनेक्टर १० (चार लागतात; बाकीचे क्रिंप करताना वाया जाणारे).
– मधला राउटर (फायबरचा डबा आणि दोन्ही घरांचे राउटर यांच्या मधे बसणारा) १: वायफाय नसलेला चालेल, पण ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची खुली प्रणाली) चालणारा आणि बऱ्यापैकी ताकदीचा प्रोसेसर असलेला.
– भिंतीचे ब्रॅकेट २, स्टीलचे क्लॅम्प, ६ चौरस मिलिमीटरची अर्थिंगची तार.

केबल शुद्ध तांब्याचीच. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असलेली केबल स्वस्त पडते, पण तिचा रोध दीडपटीहून जास्त. २२ मीटरला हा फरक तसा जीवघेणा नाही: ८ वॅटच्या रेडिओला २४ व्होल्टवर ०.३३ अँपिअर लागतात, तांब्यात सुमारे ०.६ व्होल्ट पडतात, मुलाम्याच्या तारेत १ व्होल्ट. तिला नकार देण्याचं खरं कारण वेगळं आहे. ती कनेक्टरपाशी वाकवली की तुटते, आणि ओल लागली की कुजते. मग दोष शोधत शिडीवर दहा फेऱ्या होतात.

१८ मे : टेबलावरची जुळणी

रेडिओ वर चढवायच्या आधी सगळं टेबलावर चालवून बघितलं. शिडीवर लॅपटॉप घेऊन सेटिंग करण्यासारखी वाईट सवय नाही.

दोन्ही रेडिओ कारखान्यातून एकाच आयपी पत्त्याने येतात, त्यामुळे एका वेळी एकच जोडून पत्ता बदलला. देशाचा कोड बरोबर लावला. जास्त शक्ती मिळावी म्हणून भलताच देश निवडणारे असतात. ते बेकायदा तर आहेच, इथे शक्ती कमीच करायची असल्याने निरर्थकही आहे.

अ चा रेडिओ अॅक्सेस पॉइंट, ब चा स्टेशन (म्हणजे त्याला जोडून घेणारा), दोन्हीकडे डब्ल्यूडीएस चालू. हा पर्याय का, ते एकदा लिहून ठेवतो. साध्या वायफाय स्टेशनच्या फ्रेममध्ये (हवेतून जाणाऱ्या पाकिटात) तीनच पत्त्यांना जागा असते, त्यामुळे स्टेशनच्या पाठीमागे बसलेल्या यंत्राचा मॅक पत्ता (त्याच्या नेटवर्क पोर्टाची ओळख) पुढे जात नाही. डब्ल्यूडीएसमध्ये चौथा पत्ता येतो आणि दुवा खऱ्या केबलसारखा वागतो. हे बंद राहिलं तर रेडिओ एकमेकांना दिसतात, पिंग (चाचणीच्या हाकेला उत्तर) देतात, आणि मागच्या राउटरला मात्र पत्ताच मिळत नाही.

चॅनेल १००, रुंदी ४० मेगाहर्ट्झ. ८० नाही. दोन धारांच्या (एकाच वेळी दोन प्रवाह पाठवणाऱ्या) ८०२.११एसी रेडिओला ४० मध्ये हवेतला वेग ४०० मेगाबिटपर्यंत मिळतो, हातात येतात २३० च्या आसपास, आणि जोडणी २०० ची आहे. पट्टी रुंद केली की गोंगाटही जास्त गोळा होतो. लागत नाही ते घेऊ नये. रेडिओ जोडणीपेक्षा *वेगवान* असणं मात्र आवश्यक आहे, कारण रांग मधल्या राउटरपाशीच लागली पाहिजे, हवेत नाही. त्याचं कारण २६ मेच्या नोंदीत.

सांकेतिकीकरण डब्ल्यूपीए२ एईएस, २४ अक्षरांचा पासवर्ड, अ च्या रेडिओला फक्त ब च्या रेडिओचा मॅक पत्ता मान्य. नेटवर्कचं नाव लपवलेलं आहे, पण त्याला सुरक्षा समजू नये.

रेडिओंची सेटिंगची पानं वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच तारांवरच्या पण वेगळ्या जाळ्यावर), क्रमांक ९९. नाहीतर ब घरातून रेडिओचं पान थेट उघडतं. मधल्या राउटरचा फायरवॉल ते अडवू शकत नाही, कारण ती वाहतूक त्याच्यापर्यंत येतच नाही. हे सेटिंग चुकलं तर रेडिओ कायमचा हाताबाहेर जातो आणि रीसेटचं बटण शोधावं लागतं, म्हणून तेही टेबलावरच उरकलं.

टेबलावर रेडिओ तीन मीटर दूर, पाठ करून, सर्वांत कमी शक्तीवर. समोरासमोर ठेवले तर जुळतच नाहीत आणि माल खराब निघाला असं वाटतं.

१९ मे : चढवणं

अ चा रेडिओ वळचणीखाली, जमिनीपासून ३.८ मीटरवर. ब चा पोटमाळ्याच्या खिडकीशेजारी, ३.५ मीटरवर. झाडाची सर्वांत जवळची फांदी रेषेच्या ३० सेंटिमीटर खाली. लागतात ४३. सिग्नल बघून ठरवू म्हणून पुढे गेलो. (ही कंजुषी १४ जूनला वसूल झाली.)

केबल रेडिओतून निघाल्यावर आधी खाली लोंबती सोडून मग वर भिंतीत नेली. या वळशाच्या तळाशी पाणी ठिबकून जातं. वळसा नसेल तर ते केबलच्या अंगाने थेट घरात येतं. भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडलं आणि सिलिकॉनने भरलं. केबलच्या आवरणाला कुठे चीर गेली तर पाणी *आतूनही* चालत येतं आणि महिन्याभराने पीओई अडॅप्टरमधून बाहेर पडतं, त्यामुळे स्टेपलरचे खिळे नाहीत, फक्त क्लिपा.

सर्ज प्रोटेक्टर एक रेडिओजवळ, एक केबल घरात शिरते तिथे. अर्थिंगची तार शक्य तितकी आखूड आणि सरळ. गुंडाळी केलेली तार विजेच्या झटक्यापुढे नसल्यासारखीच. प्रत्येक घराची अर्थिंग त्या त्या घराचीच. थेट अंगावर पडलेल्या विजेपुढे यातलं काही टिकत नाही, आसपास पडलेल्या विजेसाठी ही सोय आहे.

पीओई अडॅप्टरवर दोन पोर्ट शेजारी-शेजारी असतात. साधा २४ व्होल्टचा अडॅप्टर समोर कोण आहे हे विचारत नाही, सरळ वीज सोडतो. राउटरची केबल चुकून त्या पोर्टात गेली तर राउटरचा पोर्ट जळू शकतो. दोन्ही अडॅप्टरवर ‘वर रेडिओकडे’ आणि ‘आत राउटरकडे’ अशा चिठ्ठ्या डकवल्या.

२० मे : नेम

रेडिओच्या पानावर सिग्नल बघत एकाने हलवायचं, दुसऱ्याने आकडा वाचायचा. आधी आडवं फिरवणं, मग उभं. दोन्ही टोकं एकदम हलवायची नाहीत. अँटेनाचा झोत रुंद आहे, त्यामुळे इतक्या अंतरावर नेम फार नाजूक नसतो. १०-१२ अंशांची चूक खपते. फक्त एकदा पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे नेऊन मधला खरा कळस शोधावा, नाहीतर कडेच्या छोट्या उंचवट्यावरच समाधान मानलं जातं.

पूर्ण शक्तीवर उणे ३१ आणि वेग वरखाली. शक्ती ६ डीबीएमवर आणली, उणे ४९ झाला, वेग स्थिर. दोन धारांमधला फरक १ डीबी. हा फरक ५ च्या वर गेला तर एक रेडिओ तिरका बसलाय किंवा वाटेत काही आहे असं समजावं.

२१ मे : ९४

दोन्ही टोकांना लॅपटॉप थेट केबलने लावून आयपर्फ (वेग मोजायचा प्रोग्राम) चालवलं: चार धारा, ६० सेकंद, मग उलट दिशेने. रेडिओवरची स्वतःची वेगचाचणी वापरली नाही. तिथे रेडिओचा चिमुकला प्रोसेसरच दमतो आणि आकडा फसवा येतो.

निकाल ९४ मेगाबिट, दोन्ही दिशांना, रेषेसारखा सरळ. हवेतला दोष असता तर आकडा डुलला असता. नेमका ९४ म्हणजे १०० मेगाबिटवर उतरलेला इथरनेट पोर्ट. गिगाबिटला केबलच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच. एखादी तार निसटली तर बहुतेक यंत्रं तक्रार न करता खाली उतरतात. ब कडच्या कनेक्टरमध्ये तपकिरी तार टोकापर्यंत पोचलेली नव्हती. कनेक्टर कापून नवा लावला. आता २३४ आणि २२७.

२५ मे : मधला राउटर

रचना अशी: फायबरच्या डब्यातून केबल मधल्या राउटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पोर्टात. त्याच्या एका पोर्टाला अ घराचा नेहमीचा वायफाय राउटर, दुसऱ्याला रेडिओ आणि पलीकडे ब घराचा वायफाय राउटर. दोन्ही घरांच्या राउटरांना केबल *वॅन* पोर्टातच. अ च्या पोर्टाचं जाळं १०.२०.१.०, ब च्या पोर्टाचं १०.२०.२.०. प्रत्येक जाळ्यात पत्ता वाटपाचा साठा एकाच पत्त्याचा, कारण प्रत्येक पोर्टावर एकच राउटर अपेक्षित आहे.

फायरवॉलमध्ये दोन स्वतंत्र झोन. दोघांनाही बाहेर जायची मुभा, एकमेकांकडे जायला मनाई, मधल्या राउटरकडून फक्त पत्ता आणि नावांची चौकशी. घरातल्या राउटरांचे पत्ते आतून कोणतेही असोत, दोन्हीकडे १९२.१६८.१ असलं तरी बिघडत नाही, फक्त १०.२०शी भिडता कामा नयेत.

यात नॅट (आतले पत्ते एका बाहेरच्या पत्त्यामागे झाकणं) दोनदा होतं, आणि यावर नाकं मुरडणारे भेटतील. पानं, व्हिडिओ, कॉल यांना काही फरक पडत नाही. त्रास होतो तो बाहेरून आत येणाऱ्या जोडण्यांना: काही ऑनलाइन खेळ, घरातला कॅमेरा थेट बाहेरून बघणं. त्यासाठी पोर्ट दोन ठिकाणी उघडावा लागतो, आधी मधल्या राउटरवर, मग घराच्या. जोडणी देणारी कंपनीच ग्राहकांना सामायिक पत्ता देत असेल तर एक नॅट काढूनही तो प्रश्न सुटत नाही. बदल्यात प्रत्येक घर आपल्या राउटरचं मालक राहतं, आणि पुढच्या नोंदीतली वाटणी जवळजवळ फुकटात मिळते.

२६ मे : वाटणी

वाटणीशिवायची चाचणी: अ घरातून मोठी फाइल वर पाठवली, ब घरातून पिंग (पाकीट जाऊन परत यायला लागणारा वेळ) मोजला. रिकाम्या वेळी ७ मिलिसेकंद, चढता भार असताना १६०. वेगचाचणीत सगळं छान, आणि ब घरातला व्हिडिओ कॉल मात्र तुटतोय. दोष वेगाचा नाही, रांगेचा: फायबरच्या डब्यात पाकिटांची लांब रांग लागते आणि कॉलचं पाकीट तिच्या शेपटाला उभं राहतं.

मधल्या राउटरवर एसक्यूएम (रांगा आवरणारं सॉफ्टवेअर) टाकून केक ही रांगव्यवस्था लावली. वेग दोन्ही दिशांना १८५, म्हणजे जोडणीपेक्षा मुद्दाम थोडा कमी, की रांग आपल्या हातात राहील. म्हणूनच रेडिओ १८५ पेक्षा वेगवान हवा होता. तो मंद असता तर रांग रेडिओत लागली असती आणि केकला पत्ताही लागला नसता.

वाटणीसाठी चढत्या दिशेला ‘ड्युअल-एसआरसी-होस्ट’, उतरत्या दिशेला ‘ड्युअल-डीएसटी-होस्ट’, आणि दोन्हीकडे ‘नॅट’ हा शब्द आवश्यक. तो नसला तर केकला सगळी वाहतूक वॅनच्या एकाच पत्त्याची दिसते. आता केक आधी पत्त्यांमध्ये समान वाटप करतो, मग प्रत्येक पत्त्याच्या आत जोडण्यांमध्ये. घरचे राउटर नॅट करत असल्यामुळे मधल्या राउटरला पत्ते दोनच दिसतात, अ आणि ब. म्हणजे समान वाटप हे आपोआप घरागणिक होतं. अ घरात बारा यंत्रं आणि ब घरात एक असली तरी निम्मं-निम्मं. नॅट एकदाच असतं तर वाटप यंत्रागणिक झालं असतं आणि ब घराच्या वाट्याला तेरावा हिस्सा आला असता.

पहिल्या चाचणीत काहीच फरक दिसला नाही. राउटरचं हार्डवेअर ऑफलोडिंग चालू होतं. त्यात पाकिटं रांगेला वळसा घालून जातात. ते बंद केलं. त्याची किंमत प्रोसेसर भरतो: १८५ ला एक कोर ६० टक्क्यांवर. जुन्या दुबळ्या राउटरवर हे जमलं नसतं.

आता दोन्हीकडून भार टाकल्यावर ९१ आणि ९२. एक बाजू थांबवली की दुसरी सेकंदाच्या आत १८३ वर. भारातला पिंग १३.

१ जून : दुपारी दुवा गायब

सव्वा मिनिट दुवा गेला, आपोआप परतला. रेडिओच्या नोंदीत ‘रडार आढळलं’. चॅनेल ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. तसा सिग्नल ऐकू आला की रेडिओने ताबडतोब चॅनेल सोडायचा आणि नव्या रडार-चॅनेलवर बोलण्याआधी किमान ६० सेकंद ऐकत बसायचं. हा नियम बंद करण्याच्या युक्त्या शोधू नयेत, पलीकडे खरी रडार असतात. ३६ ते ४८ मध्ये ही भानगड नाही, पण तो पट्टा कितीतरी देशांत फक्त घराच्या आत वापरायला मोकळा आहे. आपल्या देशाच्या नियमात बसत असल्याची खात्री करून १४९ वर गेलो. सिग्नल तोच.

१४ जून : पाऊस नव्हे, पानं

रात्रभर पाऊस, सकाळी उणे ५९, हवेतला वेग ४०० वरून १८० वर, पुन्हा पाठवाव्या लागणाऱ्या पाकिटांचं प्रमाण चढलेलं. ३८ मीटरला ५ गिगाहर्ट्झमध्ये पावसाने होणारी घट मोजण्याइतकीही नसते. मग संशय झाडावर. पावसाने भिजून जड झालेली फांदी हलत होती, नव्या पालवीने ती रेषेच्या आणखी जवळ आलेली. ओलं पान या लहरींना पाण्याच्या पडद्यासारखं असतं. ऊन पडल्यावर दोन तासांत उणे ५१.

फांदी छाटून उपयोग तात्पुरता, ती पुन्हा येते. ब चा रेडिओ ६० सेंटिमीटर वर नेला. फांदी अर्ध्या वाटेच्या थोडी पलीकडे असल्याने तिथे रेषा ३५ सेंटिमीटर वर गेली. पुढच्या पावसात उणे ५०. वळशासाठी ठेवलेली जादा केबल इथे कामाला आली.

२२ जून : एकाच मोबाइलवर इंटरनेट

ब घरातली तक्रार: एका मोबाइलवर सगळं चालतं, बाकी सगळं बंद. ऐकूनच निदान झालं. राउटर दुसऱ्या टेबलावर हलवताना केबल वॅनऐवजी लॅन (घरातल्या यंत्रांच्या) पोर्टात गेली होती. मग ब घरातली यंत्रं थेट मधल्या राउटरला पत्ता मागू लागली. साठ्यात पत्ता एकच, तो पहिल्या मोबाइलने पटकावला. बाकीच्यांना ब च्या राउटरने पत्ते दिले, पण त्याचा स्वतःचा वॅन रिकामा. अ घराला याचा थांगपत्ता नाही. सगळे एकाच जाळ्यात असते तर दोन राउटर एकाच जाळ्यात पत्ते वाटत बसले असते आणि दोन्ही घरं आंधळी कोशिंबीर खेळली असती. केबल जागेवर, बाकीच्या पोर्टांवर चिकटपट्टी.

३ जुलै : अर्धवट उघडणारी पानं

काही संकेतस्थळं अर्धवट येऊन अडकतात, पिंग मात्र ठणठणीत. जोडणी पीपीपीओई (पाकिटाला स्वतःचं जादा शीर्षक लावणारी पद्धत) आहे, म्हणजे पाकिटाची कमाल लांबी १५०० नव्हे, १४९२. तुकडे करायची मनाई करून १४६४ बाइटचा पिंग गेला, १४६५ चा अडकला. २८ बाइट शीर्षकाचे धरून १४९२ बरोबर भरतात. वॅनचा झोन नव्याने बनवताना एमएसएस क्लॅम्पिंगची (पाकिटांची लांबी आधीच कमी ठरवून घेण्याची) खूण राहून गेली होती. खूण केली, पानं आली.

१२ जुलै : वीज गेल्यावर

अ ची वीज गेली की ब घर उजेडात बसूनही इंटरनेटविना. फायबरचा डबा, मधला राउटर आणि अ चा रेडिओ मिळून मोजून १९ वॅट. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर ८४ वॅट-तास. लेड-अॅसिड निम्मीच वापरली तर टिकते, म्हणजे दोन तास. रेडिओसाठी १२ वरून २४ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर मधे. ब कडे एकटा रेडिओ आणि राउटर, तिथे छोटा डीसी यूपीएस पुरतो.

१९ जुलै : आयपीव्ही६, तूर्त बंद

जोडणीवर आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) उपलब्ध आहे, मधल्या राउटरवर ते जाणूनबुजून बंद ठेवलंय. त्यात नॅट नसतं, प्रत्येक यंत्र स्वतःच्या पत्त्याने, कित्येकदा एकाहून जास्त पत्त्यांनी, बाहेर जातं. मग केक पुन्हा पत्ते मोजू लागेल आणि ज्या घरात यंत्रं जास्त त्याचा हिस्सा जास्त. घरागणिक वाटणी टिकवायची तर प्रत्येक घराच्या पोर्टावर स्वतंत्र वर्ग करून एचटीबी या रांगव्यवस्थेने १८५ पैकी प्रत्येकी ९२ ची हमी आणि १८५ ची कमाल द्यावी लागेल. चढत्या दिशेला आणखी एक पेच आहे: वॅनवर पाकीट पोचेपर्यंत आयपीव्ही४ चा मूळ पत्ता पुसलेला असतो, म्हणून घराची खूण फायरवॉलमध्येच मारून घ्यायला हवी. त्याची जुळणी टेबलावर सुरू आहे. चालू घडीला दोन्ही घरांच्या पत्त्यांची, पोर्टांची आणि रेडिओच्या सेटिंगची एकेक छापील प्रत दोन्ही पीओई अडॅप्टरच्या डब्यांत ठेवली.